बेटांच्या गावा (भाग सहावा) : मालडोंगरी

मागच्या आठवड्यात आपण भूमध्य समुद्रातल्या कोमिनोवर होतो. माल्टा आणि गोझो यांच्या मधलं साडेतीन चौरस किलोमीटरचं खडकाळ बेट. नाव जिऱ्यावरून पडलेलं. चाच्यांवर नजर ठेवायला 1618 साली बांधलेला बुरूज तिथे अजून उभा आहे. आणि निळ्याशार खाडीत उतरायला माणसांची अशी झुंबड, की 2025 मध्ये माल्टा सरकारला एका वेळी 4,000 जणांची मर्यादा घालावी लागली.

आज घराकडे वळू. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आपल्या गोंदिया जिल्ह्यातही एक बेट आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या तलावात. त्याचं नाव मालडोंगरी. नकाशावर ते ठिपक्याएवढंही दिसत नाही, पण ज्या पाण्यात ते उभं आहे त्याचा पसारा सुमारे 11 चौरस किलोमीटर आहे. कोमिनोसारखी तीन बेटं त्यात मावतील.

कोमिनोला समुद्राने बेट केलं. मालडोंगरीला माणसांनी केलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांमधल्या खिंडी मातीच्या पाळीने बुजवल्या, पावसाचं पाणी अडलं, चढत गेलं, आणि मधली टेकडी एकटी राहिली. म्हणून या बेटाचा इतिहास बेटावर शोधू नका, पाळीवर शोधा.

तलावाला वेढून असलेल्या सात शिखरांना सातबहिणी म्हणतात. मजूर दिवसभर खपून घरी गेले की रात्री या सात बहिणी येत आणि कोलू पाटलांचं काम पुढे नेत, अशी कथा आहे. कोलू पाटलांनाही लोकांनी पुढे देवपण दिलं. कोलासूर देव म्हणून त्यांचं ठाणं तिथल्याच एका शिखरावर आहे. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा हा मुलूख आहे, आणि मला या गोष्टीचा मनापासून अभिमान वाटतो.

इथे ‘बांध’ म्हणजे तलावच. नवेगाव बांध, तसाच जवळचा सिरेगाव बांध. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, आणि कोहळी समाजाचा या कामात हातखंडा होता. उतार कुठे, पाणी कुठून येईल, पाळीवर जोर कुठे पडेल, हे त्यांना नुसत्या नजरेने कळे. जुन्या तलावाचं तुडुम एकदा जवळून पाहा. पाणी सोडायची ही जागा. वरपासून खालपर्यंत एकाखाली एक छिद्रं, प्रत्येकाला बुच. पाणी उतरेल तसं खालचं बुच काढायचं, म्हणजे वरचं, उन्हाने कोमट झालेलं पाणी आधी पाटाला लागतं. जास्तीचं पाणी जायला बाजूला सलंग. ना पंप, ना वीज. धान निसवायच्या वेळी पावसाने पाठ फिरवली, तर बांधीतलं पीक याच पाण्याने तरायचं.

या पाण्यावर धानाइतकाच ढीवरांचा संसार चालत आला आहे. मासळी, शिंगाडा, कमळाचे कंद. जानेवारीतल्या एका सकाळी मी पाळीवर उभा होतो. धुक्यात मालडोंगरी दिसतच नव्हती. एक डोंगा संथपणे त्या दिशेने गेला, जाळं ओढल्याचा आवाज तेवढा आला, आणि मग धुकं वर उचललं गेलं तशी बेटाची झाडं आधी दिसली, जमीन नंतर. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब पाण्याच्या कडेला चरत होते.

हे पाखरांचं वैभव मराठी वाचकांच्या घरात आणलं ते मारुती चितमपल्ली यांनी. वनाधिकारी म्हणून ते इथे राहिले, नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसाच्या संगतीत त्यांनी हे रान वाचलं, आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहिलं. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. भोवतीच्या जंगलाला 1975 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तेव्हापासून येणारा पाहुणा प्रथम वाघाची चौकशी करतो. वाघ पाहावाच, पण तलावाला पाठ दाखवून जाऊ नये.

दुखणंही सांगायला हवं. 1951 च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जुनी जमीनदारी पद्धत, संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालगुजारीत अन्याय होता, ती गेली हे योग्यच झालं. पण तिच्याबरोबर दरवर्षी पाळीवर माती टाकायची, पाट मोकळे करायचे ही गावाची सवयही सुटत गेली. जिल्ह्यातले कितीतरी लहान मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आज गाळाने उथळ झालेत आणि काठाने बेशरमाची झुडपं माजली आहेत. नवेगाव बांधसारखा मोठा तलाव नजरेत भरतो, म्हणून त्याची विचारपूस होते. लहानांना कोण विचारतं?

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं देवलगाव स्टेशन अगदी जवळ पडतं. मोटारीने येणाऱ्यांनी मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमाऱ्याला दक्षिणेकडे वळावं. दुर्बीण आणा, गाणी वाजवणारा स्पीकर घरी ठेवा. आणि वाचकहो, बेट पाहायला धावण्याआधी अर्धा तास पाळीवरून चाला. परतताना वाटेत एखादा लहान मामा तलाव लागेल. तिथे थांबा, काठावरच्या माणसाला विचारा की याची पाळ शेवटची केव्हा दुरुस्त झाली. मिळालेलं उत्तर मला जरूर कळवा.