सेवेची मर्यादा

परोपकारार्थ देह झिजविणाऱ्या मनुष्याविषयी सर्वत्र आदर असतो. पण क्रूसावर आत्मबलिदान करणाऱ्या प्रभूची जो उपासना करतो, त्याने स्वतःच्या भोजनाची, निद्रेची वा प्रकृतीची चिंता वाहणे हा जणू अपराधच होय, असा समज अनेक ख्रिस्ती भाविकांच्या मनात घर करून असतो. बायबलचा आधार मात्र या समजाला सहजासहजी मिळत नाही.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशेची हकीकत आहे. मिसर देशातून बाहेर आणलेल्या लोकांच्या फिर्यादी ऐकण्यास तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच बसे. भेटीस आलेला त्याचा सासरा इथ्रो याने हा कारभार पाहिला आणि जावयाची वाखाणणी करण्याऐवजी, अशाने तू आणि तुझे लोक दोघेही थकून जाल, असे त्यास बजावले. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर सचोटीचे अंमलदार नेमावेत, किरकोळ तंटे त्यांनीच तोडावेत आणि बिकट प्रकरणे तेवढी मोशेपुढे यावीत, ही व्यवस्था इथ्रोचीच. एकट्याने सारा भार वाहण्याच्या अट्टहासाची झळ न्यायासाठी ताटकळणाऱ्या लोकांनाही पोचत होती, हे त्या वृद्धाने ओळखले होते.

खुद्द येशूचे वर्तन याहून सूक्ष्म आहे. कफर्णहूमात सूर्यास्तानंतर दाराशी लोटलेल्या रोग्यांना बरे केल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो एकांती प्रार्थनेस गेला. आणि सर्व लोक शोध करीत आहेत, असे शिमोनाने सांगितले असताही माघारी न फिरता आसपासच्या गावांकडे निघाला. पुढे शिष्यांना जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा विश्रांतीसाठी त्याने त्यांना निर्जन स्थळी नेले. परंतु लोक पायी धावत आधीच तेथे पोचलेले पाहून त्याला त्यांचा कळवळा आला. पाच हजार पुरुषांचे भोजन आटोपताच मात्र त्याने शिष्यांना होडीतून पुढे धाडले, समुदायास निरोप दिला आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेस गेला. विश्रांती लांबणीवर पडली खरी, परंतु बुडाली नाही.

बाराव्या शतकात क्लेअरव्होच्या मठाचे अधिपती संत बर्नार्ड यांचा एक शिष्य ११४५ साली तिसरा यूजीन या नावाने पोपपदी आरूढ झाला, तेव्हा त्याच्या दरबारी दावे आणि अर्ज यांची रीघ लागलेली असे. ज्याच्यावर सर्वांचा हक्क चालतो, त्याच्यावर त्याचा स्वतःचाही काही हक्क असावा, असा युक्तिवाद बर्नार्ड यांनी त्याच्यापुढे मांडला. आलेले पाणी तत्काळ वाहवून टाकणाऱ्या पाटापेक्षा आधी भरून मग ओसंडणारे तळे बरे, हा दृष्टांतही त्यांचाच. कठोर उपवासांनी स्वतःची प्रकृती बिघडवून घेतलेल्या साधूने हा उपदेश करावा, यातच त्याचे मोल आहे.

या साऱ्याच्या मुळाशी एक श्रद्धा आहे: जगाचा तारणारा एकच आहे, आणि तो आपण नव्हे. येशूच्या दृष्टांतातल्या शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूच्या जखमा बांधल्या, रात्रभर त्याची काळजी वाहिली आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार देऊन, अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असा शब्द देऊन तो आपल्या मार्गाला लागला. तरीही खरा शेजारी म्हणून येशूने त्याचीच निवड केली. तेव्हा अंथरुणास खिळलेल्या आईच्या उशाशी बसणाऱ्या मुलीने आजची रात्र भावावर सोपवून निजावे, यात तिच्या प्रीतीला उणेपणा येत नाही. उलट त्या सेवेत भावालाही त्याचा वाटा मिळतो.