पेट्रोल चढलं का?

खंडाळ्याच्या चढावर बॉनेट उघडून उभी असलेली पद्मिनी आणि आत पंपावर ओलं फडकं. बाबांच्या गाडीची माझी पहिली आठवण हीच. मे महिन्यात घाट चढताना इंजिन तापायचं, त्याला बिलगून बसलेला पंपही तापायचा आणि आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. हा पंप द्रव ओढतो, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. आचके देत गाडी थांबायची. फडक्याने पंप निवला की वाट धरायची.

कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात 1964 पासून फियाट अकराशे डिलाइट बनू लागली. तिचीच पुढे पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये थांबली. आता उरल्यात त्या हौसेने सांभाळलेल्या घरच्या गाड्या.

पेट्रोल ओढणाऱ्या ज्या पंपाला मिस्त्री एसी पंप म्हणतात, त्याचं मला अजून नवल वाटतं. त्याला विजेची तार नाही. इंजिनातला कॅम फिरताना एक दांडा हलवतो, दांडा डायफ्रॅम, म्हणजे पंपातला पडदा, खाली ओढतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल आत येतं. मग स्प्रिंग डायफ्रॅमला वर ढकलते. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोट उचलला जातो, नीडल तोंड बंद करते आणि पेट्रोलच्या दाबाने डायफ्रॅम खालीच थांबतो. दांडा नुसता हलत राहतो. किती हवं, कधी पुरे, हे कुणाला सांगावं लागत नाही.

हा डायफ्रॅम फाटला तर पेट्रोल खाली इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणून आमचे मिस्त्री ऑइलची पट्टी काढून आधी हुंगतात. पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरूही करू देत नाहीत. कार्बोरेटरमधला पितळी जेट साफ करताना त्यात तार घालायची नाही, हा त्यांचा दुसरा नियम. पितळ मऊ असतं. भोक केसभर वाढलं तरी गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागते. हवेच्या झोताने फुंकायचं, बस.

मला खरी काळजी आहे ती आजच्या पेट्रोलची. त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आपल्याकडच्या उसाच्या मळीतलंसुद्धा. साखर कारखान्यांना त्याचा आधार आहे, ते मला मान्य आहे. पण जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही. नळ्या फुगतात, तडकतात. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला चिकटा सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल पाणी शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीची लोखंडी टाकी आतून गंजते. आम्ही सगळ्या नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घातले. मिश्रण पातळ पडून इंजिन तापत होतं, म्हणून मेन जेट एक नंबर मोठा केला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो. नळ्यांपासूनच सुरुवात करा, असं मी प्रत्येक पद्मिनीवाल्याला सांगते. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडी पेटू शकते.

पावसाळ्यानंतर आमची पद्मिनी बाहेर काढताना टाकीत पेट्रोल भरून मी आधी पंपाचा छोटा हातदांडा दाबते. काहीच जोर लागला नाही तर कॅम आडवा आलेला असतो. मग इंजिन थोडं फिरवून पुन्हा दाबायचं. वीस, पंचवीस वेळा. दांडा अचानक ढिला पडतो, म्हणजे वाटी भरली. चोक ओढायचा आणि सेल्फ मारायचा.