‘प्रॉबेबली’ आणि ‘पॉसिबली’, दोन्ही म्हणजे ‘कदाचित’च का?

‘ही विल प्रॉबेबली कम’ आणि ‘ही मे पॉसिबली कम’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ आपण ‘तो कदाचित येईल’ असाच घेतो. पण दोन्हींत फरक आहे. ‘प्रॉबेबली’ म्हणजे बहुतेक, येण्याचीच शक्यता जास्त. ‘पॉसिबली’ म्हणजे येणं अशक्य नाही, एवढंच. पहिल्याचं जेवणाचं पान मांडा, दुसऱ्याला फोन करून विचारा.

आरोग्याच्या बातम्या वाचताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्था हेच शब्द वापरून गट पाडते. २०१५ मध्ये मटणासह सर्व लाल मांस ‘प्रॉबेबली’ कर्करोगकारक, म्हणजे ‘२ए’ गटात गेलं. मोबाइलच्या रेडिओलहरी मात्र २०११ पासून ‘पॉसिबली’, म्हणजे ‘२बी’ गटात आहेत. तिथे पुरावा मर्यादित आहे. शिवाय हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही.

त्यामुळे ‘मोबाइलमुळे कॅन्सर होतो’ असा मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी मूळ बातमीतला शब्द तपासा. तिथे ‘पॉसिबली’ असेल, तर ‘होतो’ हे मधल्या कुणीतरी जोडलेलं आहे.