ओ-वन पोलादाचा सुरा

मोजक्या संख्येत निघणाऱ्या, न मिटणाऱ्या सुऱ्यांचे संग्राहक आजही ‘ओ-वन’ या जुन्या हत्यारी पोलादावर जीव टाकतात. ‘ओ’ म्हणजे ऑइल. ८०० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेलं पातं तेलात विझवतात. आपल्या लोहारांचं ‘पाणी देणं’ ते हेच, फक्त पाण्याजागी तेल. फ्लोरिडात ओर्लँडोच्या रँडल कारखान्यात १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून सुरे हाताने घडतात, मुख्यतः याच पोलादाचे. ऑर्डर दिल्यावर काही वर्षं थांबावं लागतं.

ओ-वनमध्ये कार्बन सुमारे ०.९ टक्के, क्रोमियम जेमतेम अर्धा टक्का. स्टेनलेसमध्ये ते किमान साडेदहा टक्के असतं. त्यामुळे हे पोलाद गंजतं. फळं-कांदा कापून पात्यावर चढणारी निळसर-करडी झाक मात्र घासू नका. तेच त्याचं सौंदर्य, आणि थोडं संरक्षणही. लाल ठिपका दिसला तर लगेच पुसा. कातडी म्यानात ओल धरते, म्हणून सुरा आणि म्यान वेगळे ठेवा, पात्याला खनिज तेलाचा पातळ हात द्या. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे हवंच.

घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी नसलेला, ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा सुरा भारतात शस्त्र नियमांच्या कक्षेत येतो. मागवण्याआधी माप पाहा.