लिंबूसत्वाचा गार फेस

लिंबाचा रस आंबट लागतो तो सायट्रिक आम्लामुळे. रसात ते साधारण 5 ते 6 टक्के असते. 1784 मध्ये कार्ल शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते स्फटिकरूपात वेगळे काढले. किराणा दुकानातले लिंबूसत्व ते हेच.

लिंबूसत्व आणि खाण्याचा सोडा कोरडेच कालवले तर ढिम्म काही होत नाही. दोघांची गाठ घालून द्यायला पाणी लागते. चमचाभर पाणी पडताच फेस फसफसत वर येतो. आम्लामुळे सोड्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. खरी गंमत मात्र पेल्याला हात लावल्यावर कळते: पेला चक्क गार लागतो! ही क्रिया लागणारी उष्णता भोवतालच्या पाण्यातूनच ओढून घेते. माठातून पाझरलेले पाणी उडून जाताना माठाची उष्णता घेऊन जाते, तसाच काहीसा हा हिशेब. आम्लपित्तावरच्या फसफसणाऱ्या पुडीतही हीच जोडी असते, म्हणून ती दमट हवेत उघडी ठेवत नाहीत.

लिंबातले आम्ल चुनखडकालाही सोडत नाही, आणि शहाबादी फरशी चुनखडकाचीच. तिच्यावर सांडलेला लिंबाचा रस वेळेवर पुसला नाही, तर खरखरीत, फिकट डाग उमटतो. तो कितीही घासला तरी जात नाही, कारण तिथला दगडच विरघळलेला असतो.