एसटीने गाठावा असा पाटाचा काठ

वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. या जिल्ह्यात वाशीम शहराजवळचे एकबुर्जी आणि कारंज्याजवळचे अडाण ही जलाशये पायी भटकंतीसाठी उत्तम. एसटीतून जवळच्या फाट्यावर उतरून शिवारवाटेने पुढे जाता येते. रब्बीत हरभरा-गव्हासाठी जलाशयाच्या कालव्याला पाणी सुटते, तेव्हा भरावावरून चालणे सर्वांत सुखद. पाटचारीतून पाणी दांडात शिरते, ओल्या मातीत बगळे किडे टिपतात, टिटवी ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. फाल्गुनात पळस फुलतो. कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या माळरानावर काळवीट दिसतात. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्थानकाच्या चौकशी खिडकीवर आधीच विचारावी. वाहत्या कालव्यात उतरू नये, उभ्या पिकातून वाट काढू नये.