बारीक आटे म्हणजे अचूक यंत्र?

घरी सीएनसी राउटर बांधणाऱ्यांत एक समज पक्का बसलेला दिसतो: स्क्रूची पिच जितकी बारीक, तितकं काम अचूक. त्यात तथ्य आहे, पण थोडंच.

आधी पिच आणि लीड वेगळे करू. सर्रास मिळणाऱ्या टी८ स्क्रूवर शेजारच्या दोन आट्यांतलं अंतर, म्हणजे पिच, २ मिमी असते. पण त्यावर बहुधा चार आटे एकत्र चालतात, त्यामुळे एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. हे लीड, आणि हिशोब धरायचा तो याचा. २ मिमी धरून सेटिंग भरलं, तर १० मिमी सांगितल्यावर टेबल ४० मिमी पळतं. रॉडच्या टोकाकडून पाहिलं की चार सुरुवाती स्पष्ट दिसतात.

१.८ अंशाची मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ८ मिमी लीडला एक पाऊल ०.०४ मिमीचं, २ मिमीला ०.०१ चं. पाऊल बारीक झालं हे खरं. पण नटात ०.१ मिमी ढिलाई असेल, तर दिशा बदलताना पहिला ०.१ मिमी वायाच जातो, पिच कुठलीही असो. वर्तुळ कापून पाहा: अक्षांची दिशा उलटते त्या चार जागी कडेला चपटेपणा किंवा पायरी दिसते. नट बदलल्याशिवाय किंवा त्याची ढिलाई काढल्याशिवाय ती जात नाही. सॉफ्टवेअरमधली भरपाई काही अंशी चालते. कटरच टेबल ओढू लागला की तीही फसते.

मायक्रोस्टेपिंगचंही तसंच. एका पावलाचे १६ भाग केले की ८ मिमी लीडला कागदावर ०.००२५ मिमी दिसतं. पण स्थिर मोटरला एका सूक्ष्म पावलातून मिळणारं बळ तिच्या धारणशक्तीच्या जेमतेम एक दशांश. घर्षण जास्त असेल तर पहिली काही पावलं टेबल हलतच नाही.

एम८ चा साधा आट्यांचा रॉड १.२५ मिमी पिचचा, टी८ पेक्षा बारीक. पण ते आटे बोल्ट आवळण्यासाठी आहेत. उलट १६०५ बॉलस्क्रूचं लीड ५ मिमी, तरी सी७ दर्जात ३०० मिमीमागे चूक ०.०५ मिमीच्या आसपास बांधलेली असते. नट घट्ट बसवलेला असेल, तर मी डोळे मिटून तोच घेईन.

बारीक लीडची किंमत वेगात मोजावी लागते: ६०० आरपीएमला ८ मिमी मिनिटाला ४८०० मिमी देतो, २ मिमी फक्त १२००. झेड अक्षाला मात्र २ मिमी लीडच घ्या. मोटरचा वीजपुरवठा गेला तरी स्पिंडल आपल्या वजनाने खाली घसरत नाही. ८ मिमीवर तो घसरू शकतो आणि कटर थेट कामात रुततो.